काटेवाल्या नानांचा आक्षेप

काटेवाले नाना दारात दिसले की मी आधी पिठाच्या डब्याला झाकण लावून घेत असे. कारण नाना बसायच्या आधी हात घालत. कशातही घालत. तांदळाच्या पिशवीत, भाजीच्या टोपलीत, एकदा तर मुलींच्या वह्या तपासायला आणते त्या माझ्या शाळेच्या पिशवीत. कोपरापर्यंत हात आत, मान वर, डोळे मिटलेले आणि तळाशी बोटं काहीतरी चाचपताहेत. मग हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर चोळायची, हुंगायची आणि म्हणायचं, "ठीक शे. पण अक्का, वरून बठ्ठं कोरडंच ऱ्हास."

सगळं वरून कोरडंच असतं, हे नानांचं जन्माचं शिक्षण होतं. धुळ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी वजनकाट्यावर आयुष्य काढलं. कापसाच्या गाड्या यायच्या, वजन व्हायचं आणि वजन वाढावं म्हणून कापसाच्या पोटात कोणी पाणी मारलेलं असायचं, कोणी दगड लपवलेले असायचे. वरचा थर मात्र उन्हात वाळवलेला, पांढराशुभ्र. नाना गाडीवर चढून खांद्यापर्यंत हात खुपसत आणि आत काय आहे ते सांगत. एकदा त्यांनी एका गाडीतून भिजलेलं गोणपाट ओढून काढलं, तर गाडीवाला म्हणाला, "ते माझं अंथरूण आहे." नाना म्हणाले, "मंग तू रातले मासा व्हतोस का रे भो?"

काटा सुटला, पण हात सुटला नाही. माझ्या भाचीला बघायला जळगावची मंडळी आली होती. नाना शेजारी म्हणून बसले होते. मुलाने कोट काढून खुंटीला लावला आणि नानांनी उठून सरळ त्याच्या खिशात हात घातला. आतून विड्यांचं बंडल निघालं. मुलाचे वडील म्हणाले, "ते माझं." नाना म्हणाले, "कोट त्याचा, बिड्या तुमच्या, मंग नवरदेव कोन शे?" लग्न मोडलं. भाची अजून त्यांच्या नावानं बोटं मोडते. मला विचाराल तर बरंच झालं, पण हे मी तिला सांगत नाही.

सगळी गल्ली त्यांना काटेवाले नाना म्हणायची. आडनाव चौधरी, हे पोस्टमनशिवाय कोणाला ठाऊक नसावं. आमच्या गल्लीलाही नाव नव्हतं, नुसता नंबर होता. घरात ते दोघंच, नाना आणि नानी. मूलबाळ नाही. नानी या गोष्टीच्या दोन वर्षं आधी पोटाच्या दुखण्यानं गेली. मी तिला शेवटची आंघोळ घातली आहे, म्हणून हे ठामपणे सांगते. तेराव्याला नानांनी आचाऱ्याच्या बुंदीत हात घालून पाक बघितला. लोक म्हणाले, माणूस लाकडाचा आहे. मीही तेच म्हणाले होते.

आणि मग आमच्या आमदारांनी राजीनामा दिला.

पहिल्या मोठ्या निवडणुकीत वाजतगाजत निवडून आलेला माणूस. एक दिवस मुंबईहून बातमी आली की त्यांनी प्रकृतीच्या कारणावरून विधानसभा सोडली. धुळ्यात कोणी विश्वास ठेवला नाही. कोणी म्हणे मंत्र्याशी वाजलं, कोणी म्हणे मंत्र्याशी फारच जमलं. कोणी म्हणे पिंपळनेरकडे जंगलाचा ठेका घेतलाय. न्हावी, वाणी, वकील, ज्याच्या त्याच्याकडे स्वतःचं कारण तयार होतं. आमच्या शाळेत शिक्षिका दोन गटांत बसून डबे खाऊ लागल्या.

नाना मात्र सरळ आमदारांच्या बंगल्यावर गेले. आमदार झोपाळ्यावर बसले होते. नानांनी नमस्कार केला, जवळ गेले आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. मग पोटावर दाबून पाहिलं. मग जीभ दाखवा म्हणाले. आमदारांनी, का कोण जाणे, दाखवली. नाना परत आले आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी निकाल दिला, "ताप नही. जिभ लालगुंज. राजीनामा ओला शे."

त्यानंतर पोटनिवडणूक लागली. तीन उमेदवार उभे राहिले. शिडीवाले, सूर्यवाले आणि तराजूवाले. त्या वेळी आतासारखा शिक्का मारायचा नव्हता. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. हातातला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा, झालं मतदान. शिडीवाल्यांकडे जीप होती, सूर्यवाल्यांकडे भाषणं होती. तराजूवाले एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे साबुदाण्यासारख्या गोळ्या होत्या आणि त्या ते मतदारांना फुकट वाटत.

मी म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण. मतदान आमच्याच शाळेत असायचं आणि बायकांच्या बोटाला शाई लावायला बाई लागते म्हणून या खेपेला मला नेमलं होतं. त्यामुळे यादीकडे माझं बारीक लक्ष होतं. यादी दुरुस्त करायला म्युनिसिपालिटीचा कारकून घरोघर फिरला, तेव्हा मी माझ्या ओट्यावर गहू निवडत होते. त्यानं नानांच्या दारात उभं राहून विचारलं, "मतदार किती?"

नाना म्हणाले, "दोन."

"नाव?"

"अरे, मांगच्या यादीत शे ना. तेच लिख."

कारकून पुढच्या दाराला गेला. मी सूप खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी नानांना गाठलं.

"नाना, नानीला जाऊन दोन वर्षं झाली. नाव कमी करायला हवं होतं."

"काबरं?"

"काबरं म्हणजे? गेलेल्या माणसाचं नाव यादीत कसं राहील?"

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुम्हले म्हाईत नही अक्का. कारकुनानं एक नाव खोडं का त्याचा हात वळस. बाजूचं मन्हंबी खोडी टाकीन."

हे कारण मला पटलं नाही. मला वेगळाच वास आला. शिडीवाल्यांची माणसं गावभर मेलेल्यांची नावं गोळा करत होती, हे उघड गुपित होतं. मेलेल्याचं मत पडायला फक्त एक जिवंत माणूस आणि थोडा धीटपणा लागतो. मी म्हटलं, नानांनीही नानीचं मत कोणाला तरी कबूल केलं असणार.

तसं नानांना स्पष्ट म्हणालेही. "उद्या कोणी बाई येईल आणि नानीच्या नावानं मत टाकून जाईल. चालेल तुम्हाला?"

नानांचा चेहरा एकदम उतरला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत हात घालणाऱ्या माणसाला आपल्या दाराशी कोणी चोरी करेल हे सुचलं नव्हतं.

"येईन का कोनी?"

"येईल काय, येणारच. अजून वेळ आहे, अर्ज द्या. मी लिहून देते. मयत म्हणून दोन ओळी, खाली तुमची सही."

"बघू," नाना म्हणाले आणि गेले.

अर्ज काही आला नाही. मी दोनदा आठवण केली. पहिल्यांदा म्हणाले, शाई वाईट शे. दुसऱ्यांदा म्हणाले, अर्ज लेनारा साहेबच माले वरून कोरडा दिसस. शेवटी मुदत गेली. आणि तीन दिवसांनी गल्लीत कळलं की काटेवाले नाना तराजूवाल्या डॉक्टरांचे मतदान प्रतिनिधी झाले. म्हणजे मतदानाच्या खोलीत दिवसभर बसायचं, येणाऱ्यावर नजर ठेवायची आणि खोटा वाटला तर आक्षेप घ्यायचा.

मी चाट पडले. सगळे पुढारी चोर आहेत असं म्हणणारा हा माणूस! डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "स्वतःहून आले हो. आधी माझ्या गोळ्यांच्या बरणीत हात घातला, मग म्हणाले, माले खोलीमा बसाडा."

"का बसायचंय, ते विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, घरनं राखणं शे."

मला ते सोंग वाटलं. राखायचं होतं तर नाव आधीच काढायचं. माझ्या हिशेबानं दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर नाना शिडीवाल्यांना विकले गेले होते, नाहीतर नानीचं मत आतून बिनबोभाट तराजूत पडावं अशी त्यांची सोय होती. मी ठरवलं, त्या दिवशी बोटांवर शाई लावायची आणि डोळे नानांवर ठेवायचे.

मतदानाच्या दिवशी सकाळी मुख्य अधिकारी आले. मामलेदार कचेरीतले एक तरुण अव्वल कारकून, नवे, घाबरट, पण नियमाचे पक्के. त्यांनी रीतीप्रमाणे पेट्या उघडून तिन्ही प्रतिनिधींना दाखवल्या. "बघा, रिकाम्या आहेत."

शिडीवाल्यानं मान डोलावली. सूर्यवाल्यानं जांभई दिली. नानांनी बाही सरकवली.

"अहो, हात कशाला? दिसतंय ना?"

"दिसस ते वरनं," म्हणत नानांनी तिन्ही पेट्यांत हात घातला, कोपरे चाचपले, पेट्या उलट्या करून बुडावर थापा मारल्या, हुंगल्या. शिडीच्या पेटीला तेलाचा वास येतो अशी तक्रार केली. साहेबांनी ती लिहून घेतली, कारण तसा नियम होता.

मग नानांचा दिवस सुरू झाला. मतदार आला की पहिला कारकून त्याचं नाव मोठ्यानं वाचायचा, म्हणजे तिन्ही प्रतिनिधींना ऐकू जावं. नाना प्रत्येकाकडे पाहून पुटपुटत. मशिदीजवळच्या रहीमभाई पिंजाऱ्यांवर त्यांनी आक्षेप घेतला, कारण यादीत वय पन्नास होतं आणि दाढी साठ वर्षांची दिसत होती. रहीमभाई म्हणाले, "नाना, चाळीस साल तुमच्या फॅक्टरीचा कापूस पिंजतोय. ओळखत नाही?"

"वळखस ना. वळखीचा मानूसच गोता देस."

"मग माझी दाढी मोजा, काट्यावर घाला!"

सगळी खोली हसली. नाना हसले नाहीत, पण आक्षेप मागे घेतला. सोनगीरहून नात्याच्या लग्नाला म्हणून आलेल्या दोन पोरांना त्यांनी खरंच पकडलं. दारातून परत पाठवताना म्हणाले, "लगीन कोनाकडे शे ते सांगा, मीबी येस जेवाले."

दुपार कलली. बायकांची रांग वाढली. एकेकीचा हात धरायचा, बोट पुसायचं, शाईची काडी लावायची. मी पाहत होते, बायकांची रांग सुरू झाल्यापासून नाना गप्प होते. आक्षेप नाही, टोमणा नाही. कारकुनाचं तोंड उघडलं की ते खुर्चीच्या कडेला येत आणि नाव दुसरंच निघालं की मागे टेकत.

ऊन उतरल्यावर एक बाई माझ्यापुढे आली. फार तर पंचविशीची, केसांत कापसाचे तंतू, कडेवर पोर. कारकून थकला होता. त्यानं तोंडातल्या तोंडात वाचलं, "द्वारकाबाई दगडू चौधरी. वय अठ्ठावन्न."

तेच. नानीच. मी बाईचं बोट धरलं होतं ते सोडलं नाही आणि नानांकडे पाहिलं. ते पुतळ्यासारखे बसले होते.

साहेबांनी एकदा बाईकडे आणि एकदा पोराकडे पाहिलं. "बाई, तुमचं वय अठ्ठावन्न?"

"हा साहेब."

"आणि हे मूल?"

"धाकलं शे."

रांगेतल्या बायका खिदळल्या. साहेब लालबुंद झाले. "नवऱ्याचं नाव काय?"

बाईनं पदर तोंडाशी नेला. "नाव कसं लेऊ साहेब?"

शिडीचा प्रतिनिधी लगबगीनं उठला. तो पांझरा नदीपलीकडचा, आमच्या गल्लीत कधी न फिरकलेला. "साहेब, आमच्याकडे रीत आहे. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी ओळखतो ना यांना. चौधरींच्या घरच्या. चौधरी माझे चांगले ओळखीचे."

चौधरी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. सकाळपासून दाढीवर आक्षेप घेणारा माणूस आता बोलत नव्हता. मी मनात म्हटलं, घ्या, ठरलेलंच होतं. आता हा मान खाली घालणार आणि मत शिडीत पडणार. माझा इतका संताप झाला की मीच तोंड उघडणार होते. तेवढ्यात नाना उठले.

"साहेब, आक्षेप शे."

"बोला."

"हाई ती नही."

"ती म्हणजे कोण? नाव घेऊन सांगा. मला लिहावं लागतं."

नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "ती... घरनी."

"कोणाच्या घरची?"

"मन्ह्या."

शिडीवाला हळूच खाली बसला. खोलीत कोणी हसलं नाही. साहेब कागदावर लेखणी धरून म्हणाले, "आजोबा, असं चालत नाही. मतदाराचं नाव घ्या. आणि या तुमच्या पत्नी नसतील, तर पत्नी कुठे आहेत? त्यांना बोलवा."

बायकांची रीत सगळ्यांना माहीत असते, पण आमच्याकडच्या जुन्या पुरुषांचीही तीच असते. इतकी वर्षं मी शेजारी राहिले, नानांनी बायकोला कधी नावानं हाक मारलेली ऐकली नाही. 'अय' म्हणायचे, नाहीतर नुसतं खाकरायचे. ती बरोब्बर यायची. मी म्हटलं, "साहेब, मी सांगते. मी यांची शेजारीण—"

नानांनी माझ्याकडे हात केला. "तुम्ही नका सांगू अक्का. मी सांगस."

मग ते साहेबांना म्हणाले, "द्वारका. द्वारका तिचं नाव. ती मरी गयी. दोन साल व्हयनात."

साहेबांनी लिहिलं. मग नियमाचा माणूस नियमानंच विचारणार. "मयत आहेत, तर यादीत नाव कसं?"

"मीच ऱ्हाऊ दिधं."

"म्हणजे? हा गुन्हा आहे, समजतं का तुम्हाला?"

"समजस."

तोवर ती बाई रडायला लागली होती. पोरही रडायला लागलं. साहेब पोलिसाला हाक मारणार, तेवढ्यात नाना तिच्याजवळ गेले. "बाई, तुन्हं सोतानं नाव काय शे?"

"बनाबाई," ती हुंदके देत म्हणाली. जिनमध्ये कामाला होती. मुकादमानं जीपमधून आणलं होतं.

"चांगलं नाव शे. तेच सांगत जाय," नाना म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "हिले जाऊ द्या साहेब. दार मीच उघडं ठेयेल व्हतं."

साहेबांनी पोलिसाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि बहुतेक पुढे किती कागद लिहावे लागतील त्याकडे पाहिलं. त्यांनी बनाबाईला जाऊ दिलं. मग लाल शाईनं यादीतल्या नावावर रेघ ओढली आणि बाजूला 'मयत' लिहिलं. नाना वाकून ती रेघ पाहत होते. त्यावर त्यांनी आक्षेप घेतला नाही.

निवडणुकीचं सांगायचं तर शिडीवाले निवडून आले. डॉक्टरांच्या पेटीत त्यांनी वाटलेल्या गोळ्यांइतकी मतंसुद्धा पडली नाहीत. आणि आमदारांनी राजीनामा का दिला, ते धुळ्याला अजून कळलेलं नाही.

पेट्यांना लाख लावून झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. नाना शाळेच्या फाटकाशी थांबले होते. आम्ही दोघं चालू लागलो. मला विचारायचं होतं ते मी आडवळण न घेता विचारलं. "नाना, एवढं सगळं होतं तर नाव का ठेवलंत? मला वाटलं, मत विकलंत."

"माले म्हाईत शे तुम्हले काय वाटनं ते." त्यांना राग आला नव्हता. ते म्हणाले, "मांगल्या निवडनूकमा आम्ही दोन्ही वनूत इथं. तुम्ही शाई लावाले नव्हत्या त्या साली. दुसरा कारकून व्हता. त्यानं तिचं नाव वाचं. असं खणखणीत, बठ्ठी शाळा ऐकी असं. ती घरी येईसन हसे. दिवसभर हसे. म्हणे, 'लगीन व्हयनं तव्हयपाईन कोनी मन्हं नाव लिधं नही. सरकारनं लिधं. पुढला बखत कव्हय शे?'"

लग्न झाल्यापासून कोणी तिचं नाव घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तिला नानीच म्हणत होते. तिचं नाव द्वारका, हे मला यादीवरून कळलं.

"पुढला बखत येवाले चार साल लागनात," नाना म्हणाले. "ती थांबनी नही. मी म्हंतं, नाव तं पुकारू द्या. कोनी येवाव नही, पन एखादे टाइमले कारकून वाची टाकीन, तं मी ऐकी लिसू. आन् वाचं तं काय? तोंडातल्या तोंडात."

सांत्वन करणं मला जमत नाही. मी म्हटलं, "पायरी बघा नाना, अंधार झालाय."

नाना पायरी उतरले आणि थांबले. "अक्का, तुम्ही रोज वर्गमा पोरींनी नावं पुकारतस ना?"

"पुकारते."

नाना धोतराचा सोगा हातात धरून उभे राहिले. गल्लीत ओट्यांवर माणसं बसली होती, कोणी कंदिलाची काच पुसत होतं. हेडमास्तरणीनं भर रस्त्यात ओरडणं बरं दिसत नाही. मी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि वर्गात पुकारते तसं पुकारलं, "द्वारकाबाई दगडू चौधरी!"

ओट्यांवरच्या माना वळल्या. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"थोडं जोरमा, अक्का," ते म्हणाले. "मांगला कारकून यान्हाथीन जोरमा बोलना व्हता."

मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा पुकारलं.